सिरोंचा एकदा जिल्हा होतं

महाराष्ट्राच्या नकाशाला उजवीकडे खाली एक शेपूट आहे. शाळेत नकाशा गिरवताना तिथे पेन्सिल हमखास घसरते. त्या शेपटाच्या टोकाशी, प्राणहितेच्या डाव्या काठावर, सिरोंचा आहे. आज ते गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे आणि जिल्हा कचेरी तिथून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. पण १८६० ते १८७४ अशी चौदा वर्षं सिरोंचा स्वतः जिल्ह्याचं ठाणं होतं. त्या जिल्ह्याचं नाव अप्पर गोदावरी. आज रामनवमीला जिथे लाखोंची गर्दी लोटते ते तेलंगणातलं भद्राचलम तेव्हा सिरोंचाच्या हाताखालचा तालुका होतं.

ही गंमत म्हणून सांगण्याची गोष्ट नाही. गडचिरोलीचा भूगोल कळायचा असेल तर कचेरी कुठून कुठे हलली आणि का हलली, हे आधी पाहावं लागतं. इथली प्रत्येक हद्द त्या त्या काळी सरकार कुठल्या वाटेने येत होतं, त्यावरून पडलेली आहे.

आधी नद्या. पश्चिमेला वैनगंगा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि चंद्रपूर जिल्ह्याशी असलेली हद्द बहुतांश तीच आखते. मार्कंड्याला ती वळण घेऊन उत्तरवाहिनी होते आणि तिथेच काठावर मार्कंडादेवाचं कोरीव कामाचं देऊळ आहे. आणखी खाली, चपराळ्याच्या आसपास, तिला वर्धा मिळते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा. सिरोंचाजवळ, कालेश्वरमच्या समोर, प्राणहिता गोदावरीत शिरते. तिथून गोदावरी हीच हद्द, आणि पुढे सोमनूरला पूर्वेकडून इंद्रावती येऊन मिळते. ती छत्तीसगडशी असलेली हद्द. म्हणजे जिल्ह्याच्या पश्चिमेला, दक्षिणेला आणि पूर्वेच्या खालच्या भागात पाण्याची भिंत, आणि उरलेल्या पूर्वेला टिपागड, सुरजागड, भामरागड यांच्या डोंगररांगा.

आतलं पाणी दोन दिशांना जातं. गाढवी, खोब्रागडी, कठाणी, पोटफोडी, दिना या नद्या पूर्वेच्या डोंगरातून निघून पश्चिमेला वैनगंगा-प्राणहितेकडे धावतात. एटापल्ली-भामरागडकडची बांडिया, पर्लकोटा, पामुलगौतमी ही मंडळी मात्र इंद्रावतीकडे. या दोन उतारांमधला उंचवटा हीच जिल्ह्याची खरी आतली सीमारेषा आहे. अलीकडे झाडीपट्टीचं धानाचं रान, बांध, बोड्या (लहान तळी), मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पलीकडे माडिया आदिवासींचं जंगल. प्रशासनाच्या कुठल्याही नकाशावर ही रेघ काढलेली नाही, पण गावांची नावं वाचली तरी जिल्ह्याचं वेगळेपण कळतं. उत्तरेला कोरची-कुरखेड्याकडे नावामागे ‘टोला’ लागतो, दक्षिणेला ‘पल्ली’ आणि ‘गट्टा’ सुरू होतात: आलापल्ली, एटापल्ली, रेपनपल्ली, जिमलगट्टा. उत्तरेच्या बाजाराच्या बोलीत छत्तीसगडी मिसळते, सिरोंचाच्या बाजारात तेलुगू. मधल्या जंगलात माडिया आणि गोंडी. मुलचेरा आणि चामोर्शीच्या काही गावांत बंगालीही ऐकू येते, कारण पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती दंडकारण्याच्या या कडेला वसवल्या गेल्या.

आता अप्पर गोदावरी. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता गेले आणि नागपूरचं राज्य कंपनीने खालसा केलं. त्याबरोबर चांदा (आजचं चंद्रपूर) आणि त्याच्या पूर्वेचं जमीनदारी रान इंग्रजांकडे आलं. १८५८ मध्ये या रानात उठाव झाला. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्लीचे व्यंकटराव ही त्यातली ठळक नावं. शेडमाक्यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. गोदावरीच्या डाव्या काठची पट्टी मात्र अजून निजामाची होती. १८६० च्या तहात निजामाने ती सोडली आणि सिरोंचा, नुगूर, चेर्ला, अल्बाका, भद्राचलम, राकापल्ली अशा सहा तालुक्यांचा जिल्हा उभा राहिला. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाल्यावर तो मध्यप्रांताचा भाग झाला.

नदीकाठची ही चिंचोळी, विरळ वस्तीची, तापाने पछाडलेली पट्टी वेगळा जिल्हा का झाली? उत्तर आहे कापूस. वऱ्हाडचा आणि वर्धेच्या खोऱ्यातला कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरी या वाटेने बोटींतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, अशी कल्पना गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या माथ्याशी धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांनी लावून धरली होती. काम कॅप्टन हेग यांच्याकडे आलं. अडचण अशी की या वाटेवर नदी तीन ठिकाणी खडकांतून उतरते. खालून वर येताना पहिला अडथळा दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, इंद्रावतीच्या संगमाच्या आसपास, आणि तिसरा प्राणहितेवर अहेरीजवळ देवलमरीला. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून पाणी उचलायचं, बाजूने कालवा काढायचा आणि कालव्यात दारं बसवून बोट पायरी-पायरीने चढवायची किंवा उतरवायची, अशी योजना. कागदावर ती चोख होती.

चूक पाण्याच्या हिशेबात होती. ही नदी पावसाळ्यात बोट उलथवेल इतकी भरते आणि उन्हाळ्यात पाऊल ओलं होईल न होईल इतकी आटते. कापसाची वेचणी दिवाळीनंतर होते, आणि तो गाठोड्यांत बांधून नदीकाठी येईपर्यंत पाणी उतरू लागलेलं असतं. म्हणजे माल तयार तेव्हा वाट बंद. तीन बंधाऱ्यांनी खडक ओलांडता आले असते, पण मधल्या शेकडो किलोमीटर वाळूत पाणी कुठून आणणार होते? शिवाय जंगलातला हिवताप मजुरांना टिकू देत नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला तोवर खर्च चालला. १८६५ ला ते युद्ध संपलं, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस पश्चिमेला वळला. १८७१ मध्ये नौकानयनाचं काम थांबवलं. १८७४ मध्ये जिल्हा मोडला. भद्राचलम आणि राकापल्ली मद्रास इलाख्याच्या गोदावरी जिल्ह्यात गेले, उरलेला भाग सिरोंचा तहसील म्हणून चांद्याला जोडला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नुगूर, अल्बाका, चेर्ला हेही मद्रासकडे गेले.

माझ्या मते सिरोंचाचं आजचं एकटेपण त्या १८७४ च्या निर्णयात आहे. सिरोंचा ठाणं म्हणून निवडलं गेलं ते नदीच्या वाटेवर मधोमध होतं म्हणून. वाट बंद झाली, पण गाव जिथे होतं तिथेच राहिलं, आणि तीच जागा आता जमिनीवरून येणाऱ्या सरकारासाठी शेवटचं टोक ठरली. जागा बदलली नाही, फक्त मोजणी दुसऱ्या टोकापासून सुरू झाली.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी. चांद्याच्या पूर्वेला गोंड राजांच्या काळापासून चालत आलेल्या वीसेक जमीनदाऱ्या होत्या: अहेरी, धानोरा, दुधमाळा, गेवर्धा, गिलगाव, खुटगाव, कोटगल, मुरुमगाव, पलासगड, पावीमुरांडा, पोटेगाव, रांगी, सोनसरी आणि आणखी काही. अहेरी त्यात सर्वांत अवाढव्य. १९०५ च्या सुमारास ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतला जमीनदारी भाग काढून एक नवी तहसील केली आणि तिचं ठाणं गडचिरोलीला ठेवलं. म्हणजे गडचिरोली जन्मली तीच ‘जमीनदाऱ्यांची तहसील’ म्हणून. त्याच काळात अंबागड चौकीची जमीनदारी दुर्गकडे दिली गेली. ती आज छत्तीसगडात आहे आणि एका नव्या जिल्ह्याच्या लांबलचक नावात शेवटी बसली आहे: मोहला-मानपूर-अंबागड चौकी.

जमीनदारी आणि मालगुजारी यांतला फरक इथे समजून घ्यावा, कारण आजचे जमिनीचे निम्मे वाद त्यातूनच निघतात. वैनगंगेच्या सुपीक काठावर मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारात भरायचा. तिथे १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात गावाची मोजणी झाली, खसरा (शेतवार नोंदवही) लिहिला गेला, मालगुजाराने तळं बांधलं तर त्याची नोंद झाली. डोंगराकडच्या जमीनदारी मुलखात जमीनदार ठरलेला ‘टाकोळी’चा पैसा भरायचा आणि आत कोण कुठे पेरतो याची सरकारला फारशी फिकीर नसायची. परिणामी नदीकाठच्या कुटुंबाकडे कागद जुना आहे, डोंगरातल्या कुटुंबाकडे शेत जुनं आहे पण कागद नाही. ३१ मार्च १९५१ पासून मध्यप्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने दोन्ही पद्धती संपल्या, जंगल आणि पडीक सरकारजमा झालं. ज्या शेताची नोंद नव्हती ते त्या दिवशी एका फटक्यात सरकारी झालं आणि कसणारा अतिक्रमणदार.

होय, मध्यप्रदेश. १९५० ते १९५६ या वर्षांत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. हे तपशील परीक्षेपुरते वाटतात, पण जात पडताळणीची फाइल हातात घेतली की ते अंगावर येतात. अनुसूचित जमातीसाठी मानीव दिनांक ६ सप्टेंबर १९५० आहे. त्याआधीचा पुरावा शोधायचा म्हणजे आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद किंवा बंदोबस्त मिसल. त्यावर ‘जि. गडचिरोली’ कुठेही सापडणार नाही. ‘तह. गडचिरोली, जि. चांदा’ असेल, कधी हिंदीत, आणि राज्याचं नाव सी. पी. अँड बेरार (मध्यप्रांत व वऱ्हाड) किंवा मध्यप्रदेश. गावाचं नावही कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. एटापल्ली-एट्टापल्ली, आलापल्ली-अल्लापल्ली, अहेरी-अहिरी, चामोर्शी-चामुर्सी. अर्जात आजचं नाव आणि कागदात जुनं असेल तर दोन्ही एकच असल्याचा दाखला आधी घ्यावा, नंतर धावपळ करावी लागत नाही. बऱ्याच फायली इथेच अडकतात.

हद्दीची आणखी एक गोष्ट आहे. गडचिरोलीच्या बाहेरच्यांना ती माहीत नसते. १९५६ च्या सुधारित यादीप्रमाणे विदर्भातल्या या भागात गोंड अनुसूचित जमातीत धरले जात, पण सगळीकडे नाही. अमरावतीतली मेळघाट, चांद्यातल्या गडचिरोली व सिरोंचा, यवतमाळातल्या केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तहसिलींत. वैनगंगेच्या पूर्व काठचा गोंड आदिवासी, आणि डोंग्यात बसून पश्चिम काठावर ब्रह्मपुरी तहसिलीत उतरला की तोच गोंड यादीबाहेर. मामा एका काठावर, भाचा दुसऱ्या. १९७६ च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन काढलं. वीस वर्षं तहसिलीची रेघ माणसाची जमात ठरवत होती, आणि ती रेघ मुळात आखली गेली होती जमीनदारांचा वसूल सोयीचा व्हावा म्हणून.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर जिल्हा फोडून गडचिरोली जिल्हा झाला. जुन्या गडचिरोली आणि सिरोंचा या दोन तहसिलींच्या मुलखात पुढे बारा तालुके झाले: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, कोरची, अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ चार गोवे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२, घनता चौरस किलोमीटरला ७४. राज्याची ३६५.

या विभागणीतून अभ्यासकाला दोन खड्डे लागतात. पहिला, १९८१ ची जनगणना चंद्रपूरच्या नावाने आहे. ‘चंद्रपूरची लोकसंख्या १९८१ ते १९९१ मध्ये घटली’ असा निष्कर्ष कोणी काढला तर समजावं की जिल्हा फुटलेला त्याच्या लक्षात आलेला नाही. तुलना करायची तर तालुका आणि शक्य तिथे गावपातळीवर जाऊन बेरीज करावी. दुसरा खड्डा अनुसूचित क्षेत्राचा. राष्ट्रपतींचा २ डिसेंबर १९८५ चा आदेश त्या वेळच्या तहसिलींच्या नावाने आहे. एटापल्ली, सिरोंचा, अहेरी, धानोरा, कुरखेडा या पूर्ण तहसिली, आणि गडचिरोली, आरमोरी, चामोर्शीतली फक्त नावानिशी दिलेली गावं. भामरागड, मुलचेरा, कोरची हे तालुके त्यात शोधून मिळत नाहीत. म्हणून एखादं गाव पेसाखाली, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येतं का हे पाहायचं तर आजच्या तालुक्याकडे बघून भागत नाही. १९८५ ला ते कुठल्या तहसिलीत होतं ते काढावं, आणि ती तहसील अंशतः असेल तर यादीत गावाचं नाव शोधावं. एकाच ग्रामपंचायतीतलं एक गाव आत आणि दुसरं बाहेर, असंही निघतं. जाता जाता, देसाईगंज आणि वडसा हे एकच शहर. तालुका देसाईगंज, रेल्वे स्टेशन वडसा, आणि जिल्ह्यात रेल्वे एवढीच, गोंदिया-चांदाफोर्ट मार्गावरची. बसच्या पाटीवर एक नाव आणि तिकिटावर दुसरं दिसलं तर गोंधळू नये.

जिल्ह्याचा एकच नकाशा असतो ही समजूतही इथे सोडावी लागते. महसुलाचे बारा तालुके आणि सहा उपविभाग: गडचिरोली, चामोर्शी, देसाईगंज, कुरखेडा, अहेरी, एटापल्ली. वनखात्याचे पाच वनविभाग: वडसा, गडचिरोली, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा. आदिवासी विकासचे तीन प्रकल्प: गडचिरोली, अहेरी, भामरागड. पोलिसांचे उपविभाग आणखी वेगळे. हे नकाशे एकमेकांवर ठेवले तर कडा जुळत नाहीत. एका गावच्या माणसाला सातबाऱ्यासाठी एका दिशेला, मुलाच्या आश्रमशाळेसाठी दुसऱ्या आणि बांबूच्या वाहतूक पासासाठी तिसऱ्या दिशेला जावं लागतं, आणि तीनही दिवस मजुरी बुडते. अहेरीला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे, ती याच अंतराची कबुली.

अंतर मात्र इथे किलोमीटरमध्ये सांगितलं की चुकतं. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. पर्लकोटा छत्तीसगडातून येते, तिथे तिला कोत्री म्हणतात. भामरागडात थेंब पडला नाही तरी कोत्रीच्या वरच्या खोऱ्यात जोर धरला की इथे पाणी चढतं. त्यात इंद्रावती आधीच तुडुंब असेल तर पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं आणि पुलावरून, मग बाजारपेठेतून फिरतं. याला इथे कोणी महापूर म्हणत नाही, ‘पाणी मागे आलं’ म्हणतात. वैनगंगेचंही तसंच. गोसेखुर्द धरणाची दारं उघडली की कठाणी, पोटफोडी, गाढवीच्या तोंडाशी वैनगंगा भिंतीसारखी उभी राहते आणि गावाशेजारचा नाला उलटा भरतो. आकाश कोरडं आणि रस्ता बंद. रपटे, म्हणजे नाल्यावरचे ठेंगणे पूल, बांधताना नाल्याला वरून किती पाणी येईल ते मोजतात, पण खालून किती येईल ते मोजलं नाही तर रपटा टिकला तरी उपयोगाचा राहत नाही. उंच पूल हवा असतो तो मागच्या पाण्यासाठी.

म्हणून इथलं कामाचं वर्ष मृग नक्षत्राच्या आधी संपतं. नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याचं धान्य आधीच पोचवतात. बाळंतपणाची तारीख पावसात पडत असेल तर त्या बाईला आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवायचं असतं. धानाचं बियाणं, खत, शाळेची पुस्तकं, सोलरच्या बॅटऱ्या, सगळं मे अखेरपर्यंत नाल्यापलीकडे गेलं पाहिजे. आणि तोच मे महिना तेंदूपत्त्याचा. गावातला प्रत्येक हात पहाटेपासून पानं खुडतो, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतो, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतो. हजार पुडके म्हणजे एक प्रमाण गोणी. मे महिन्यात ठेवलेली सरकारी शिबिरं रिकामी का जातात याचं कारण इतकं साधं आहे. लोक जंगलात असतात.

जंगलाच्या हक्काचा कागद कसा तयार होतो, तेही सांगायला हवं, कारण १९५१ ला जे हरवलं ते परत मागण्याची वाट २००६ च्या वनहक्क कायद्याने उघडली. दावे तीन प्रकारचे: नमुना अ वैयक्तिक, नमुना ब सामुदायिक वापराचा, नमुना क सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा. वैयक्तिकात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. बिगर-आदिवासी असेल तर तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, आणि गावोगावचे असे दावे बहुधा इथेच अडतात. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक-तृतीयांश महिला. समिती स्थळपाहणी करते, शेजारच्या गावांना कळवून शिवेवर उभी राहते, नकाशा काढते. मग ग्रामसभेचा ठराव. कोरम निम्म्या सभासदांचा, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला. मग उपविभागस्तरीय समिती, शेवटी जिल्हास्तरीय समिती.

पुरावे किमान दोन लागतात. इथे जुन्या मध्यप्रांताची एक देणगी कामी येते: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावकऱ्यांनी कुठल्या रानातून सरपण आणायचं, गुरं कुठे चारायची, मुरूम-माती कुठून घ्यायची, मुर्दाड कुठे पुरायची, तळ्याचं पाणी कोणी घ्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये ते आजही जिवंत आहेत. तहसिलीच्या अभिलेख कक्षातून त्याची नक्कल काढली तर सामूहिक दाव्याचा अर्धा पाया तयार. दुसरा पुरावा वृद्धांचे जबाब, देवस्थानं, जुन्या वस्तीच्या खुणा. रिठी गावं इथे फार मोलाची. रिठी म्हणजे महसुली दप्तरात नाव आणि हद्द असलेलं पण आज वस्ती नसलेलं गाव. देवीची साथ, हिवताप किंवा वाघाच्या भीतीने उठलेली ही गावं, पण त्यांचा देव, त्यांची चिंच आणि त्यांचं रान शेजारच्या गावाने वापरात ठेवलेलं असतं. दावा लिहिताना रिठी विसरली की ते रान हातचं गेलं. शिवाय झुडपी जंगल वेगळं तपासावं. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुलाच्या कागदावर ‘झुडपी’ म्हणून लिहिलेली ही जमीन वन की महसूल, हा वाद दशकानुदशकं चालला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनच धरली.

चुकतं कुठे? सर्वांत जास्त शिवेवर. दोन गावांचा एकाच टेकडीवर दावा असतो आणि तो भांडण म्हणून नसतो. दोघांनीही ती पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली असते. नियमात संयुक्त वापराची जागा आहे, पण छापील नमुन्यातल्या चौकटीत एकाच गावाचं नाव मावतं, म्हणून कारकून एकाला वगळतो. दुसरं, जीपीएसने मोजलेली हद्द आणि वनखात्याच्या कक्ष क्रमांकांची (जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांची) हद्द जुळत नाही. अशा वेळी हक्कपत्रात कक्ष क्रमांक आणि गावाच्या पारंपरिक खुणा, नाला, डोंगर, देवराई, दोन्ही लिहून घ्याव्यात. नुसते कक्ष क्रमांक लिहिलेलं हक्कपत्र उद्या कक्षांची फेरआखणी झाली की निरुपयोगी.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) इथे नाव न घेता सुटत नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेलं ते देशातलं अगदी पहिल्यांपैकी एक गाव, १,८०० हेक्टरांहून थोडं अधिक जंगल. पण हक्कपत्र हातात येऊनही गावाला स्वतःचा बांबू विकता येईना, कारण वाहतूक पासचं पुस्तक वनखात्याकडे. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाच्या हाती जंगल आणि खात्याच्या हाती पासबुक, ही दोन वर्षं वनहक्काबद्दल कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त सांगतात.

आणि पुन्हा सिरोंचा. इंग्रजांनी जिथे बोटींसाठी पाणी अडवायचा घाट घातला त्याच पट्ट्यात तेलंगणाने शेतीसाठी पाणी अडवलं. मेडीगड्डा बराज, म्हणजे ८५ दारांचा बंधारा, जून २०१९ मध्ये सुरू झाला. त्याचं एक टोक सिरोंचा तालुक्यात. जुलै २०२२ च्या पुरात गोदावरी आणि प्राणहितेचं पाणी तालुक्याच्या काठच्या शेतांत दिवसेंदिवस राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बराजचे काही खांब खचले. भरपाई कोणत्या राज्याच्या कुठल्या कचेरीत मागायची, हा प्रश्न काठच्या शेतकऱ्याला अजून पडतो.

नदीने बंद केलेली वाट मधल्या काळात पुलांनी उघडली. प्राणहितेवर, गोदावरीवर आणि पातागुडमला इंद्रावतीवर पूल झाले. सिरोंचाचा रुग्ण आता मंचेरियाल किंवा वरंगलला नेतात, गडचिरोलीला क्वचितच, आणि मिरचीचा भावही तेलंगणातून कळतो. कागद मात्र दोनशे किलोमीटर उत्तरेलाच जातो. अहेरी वेगळा जिल्हा करा ही मागणी जुनी आहे, आणि ती मान्य झाली तर अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा असे पाच तालुके बहुधा तिकडे जातील. त्या दिवशी सिरोंचातल्या एखाद्या जुन्या घराच्या पत्र्याच्या पेटीत अप्पर गोदावरी, चांदा, चंद्रपूर आणि गडचिरोली असे शिक्के असलेल्या कागदांवर पाचवा शिक्का पडेल, आणि जात पडताळणीच्या अर्जाला जोडायचा ‘गावाचं नाव तेच’ असा दाखला एका ओळीने लांबेल.